टोपाची झडप

३ नोव्हेंबर, सोमवार

पोलिसातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. ठाण्याची डायरी सुटली, पण रोज लिहायची खोड सुटली नाही. आजपासून ही वही एका तपासासाठी. बायकोला, रंभाला सांगितलंय की भजनाची वही आहे, म्हणजे ती हात लावणार नाही.

संशयित: नूतन. वय सव्वीस, राहणार पेणजवळचं जिते. धाटावला आमच्या केमिकल कंपनीच्या दोन नंबर गेटवर माझ्या हाताखाली सुरक्षा रक्षक. सहा महिन्यांची कच्ची नोकरी, ती या महिनाअखेर संपते. त्याआधी मी तिच्याबद्दल शेरा द्यायचा आहे. चांगला दिला तर पोरगी कायम, वाईट दिला तर घरी. वडील नाहीत, घरात आई आणि ती, पगार हिचा एकटीचा. हे सगळं मला माहीत आहे. म्हणूनच महिनाभर डोळ्यांत तेल घालून बघायचं ठरवलंय.

तक्रार काय? तर ती फार चांगली वागते. कारणाशिवाय चांगलं वागणारा माणूस मी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेला नाही.

उदाहरणार्थ. टँकर आला की मी रजिस्टर घेऊन बसतो. तर ही बया अख्खं धाटाव बहिरं असल्यासारखी टँकरचा नंबर मोठ्यांदा वाचते. आज म्हटलं, "हळू बोल." तर म्हणते, "सवय हाय साहेब." रजिस्टर उघडलं तर पानापानावर काळ्या स्केचपेनने जाड रेघा मारून ठेवलेल्या. म्हणजे माझ्या माघारी माझ्या टेबलाला हात लावते. ज्याचा खुर्चीवर डोळा असतो तो सुरुवात टेबलापासूनच करतो.

केबिनचा बल्ब परत मंद झालाय. कालच नवा लावला म्हणतात. कोण बघायला गेलंय.

५ नोव्हेंबर, बुधवार

कंपनीची बस पेणहून निघते, मला माझ्या गावी गडबला घेते, मग नागोठणं, रोहा, धाटाव. या बसमध्ये दाराजवळची पहिली सीट बाईमाणसाची, हा नियम मी घातलेला आहे. कोणी तरणाबांड गडी तिथे बसून राहिला तर मी त्याला मानेला धरून उठवलेलं आहे. मी स्वतः तीन वर्षं उभ्याने जातो. बाईच्या आधी बसायचं नाही, बाईच्या आधी दारातून जायचं नाही, बाईवर आवाज चढवायचा नाही. हैबतराव मोकलकडून एवढं शिकलात तरी पुष्कळ, असं मी नव्या पोरांना सांगतो.

तर मुद्दा ड्रायव्हरचा. रमीज, रोह्याचा, दोन वर्षं दुबईत गाडी चालवून आलेला. पूर्वी हा बस वडाखाली थांबवायचा आणि आम्ही शंभर पावलं पळायचो. आता महिनाभर दार बरोबर माझ्या पायाशी येतं. वर हा स्टिअरिंग सोडून खाली उतरतो, दाराची दांडी धरून उभा राहतो. "सलाम काका. पायरी उंच हाय, सांभाळून."

पायरी काय गेल्या महिन्यात उंच झाली? मला आधी डिझेलची भानगड वाटली. पण नूतन पेणला बसते, मी गडबला. मधला सगळा वेळ दोघांना बोलायला मोकळा. हे तिनेच शिकवलेलं असणार.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

एचआरच्या अनिता मॅडमनी बोलावलं. कंपनीत सौजन्य सप्ताह आहे आणि त्यात एक भाषण मी करायचं. विषय 'शिलेदारी ते शिष्टाचार'. मॅडम म्हणाल्या, "मोकल साहेब, बायकांशी तुमच्याइतकं अदबीने वागणारं गेटवर दुसरं कोणी नाही." बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

शनिवारी पेणला जाऊन वाचनालयातून युरोपातल्या जुन्या घोडेस्वार वीरांवरचं पुस्तक आणायचं ठरवलंय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पुस्तक आणलं, पण हल्ली कागद वाचवायला काय मुंगीएवढा टाइप वापरतात. बॉलपेनांचंही तेच, शाई पाणचट. ही वही मी जाड मार्करने लिहितो म्हणून बरं.

चहाच्या सुट्टीत नूतन म्हणाली, "द्या साहेब, मी वाचते. मला पन कळंल." नाही म्हटलं असतं तर सावध झाली असती, म्हणून दिलं.

माहिती चांगली मिळाली. हे वीर नखशिखांत लोखंडात. देवासमोर शपथ घ्यायची की निःशस्त्रावर वार करणार नाही, घोड्यावरून पडलेल्याला मारणार नाही, बाईची अब्रू राखीन. आवडत्या बाईचा रुमाल भाल्याला बांधून लढायला उतरायचं. इथे नूतन थांबली.

"साहेब, रुमाल देयाचा का नाय, ते त्या बाईला कोन इचारायचा का?"

"पुढे वाच."

पुढे असं निघालं की हे सगळे नियम आपल्या बरोबरीच्या बायकांपुरते. शेतात राबणाऱ्या बाईसाठी कोणी घोड्यावरून उतरत नसे. ते मी भाषणात घेणार नाही.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. सलामी कुठून आली, तर म्हणे या लोकांच्या लोखंडी टोपाला पुढून झडप असायची. समोर दुसरा वीर आला की हाताने झडप वर करायची आणि तोंड दाखवायचं. मी कोण ते बघ, माझ्या मनात दगा नाही. पुढे झडप गेली आणि हात कपाळाशी तसाच राहिला. असं म्हणतात, खरं-खोटं पुस्तकवाल्याला ठाऊक.

रोह्यात ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीला पोलिसांची सलामी असते. त्या तुकडीत मी अकरा वर्षं उभा राहिलो. हात वर जाताना छातीत जे व्हायचं ते नंतर कशानेही झालं नाही. तरीही पोलीस म्हणून सांगतो, झडप वर केली की भाला सरळ डोळ्यात. शहाण्याने ती बंदच ठेवावी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

घरचा प्रकार. रंभाने आज बांगड्याचे काटे काढून वाढले. लग्नाला चौतीस वर्षं झाली, काटे माझे मीच काढत आलोय.

"काटे का काढलेस?"

"असंच."

असंच! चोरी कशी केली, तर असंच. भांडण का झालं, तर असंच. हा शब्द मी ठाण्यात पुष्कळ ऐकलाय. जेवण झाल्यावर मागल्या दारी ती फोनवर कुजबुजत होती. माझे कान अजून शाबूत आहेत. "व्हय गो नूतन, पिवळाच लाव. पिवळा उठून दिसतो."

विचारलं तर म्हणाली, "अवो, साडीचा बोलत व्हते."

हिची आणि नूतनची ओळख कधी झाली? माझ्या घरात माझ्या संशयिताचा फोन येतो आणि मला पत्ता नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गेटच्या केबिनच्या तिन्ही पायऱ्यांच्या कडांना आज पिवळा पट्टा. अजून ओला होता, माझ्या बुटाला लागला. कोणी मारला? नूतनने, स्वतः डबा आणून, आणि कोणाला न विचारता. साडीचा आणि पायऱ्यांचा संबंध काय ते रंभाने सांगावं. घर फितूर झालंय, एवढं नक्की.

रात्री तिने विषय काढलाच. "पेनला डोळ्यांच्या डॉक्टरला एकदा दाखवून येऊया का?" मी ताटावरून उठलो. बाबांना असंच एकदा दाखवून आणलं होतं. डोळ्यात सुई घातली आणि होतं नव्हतं तेही गेलं. नंतर बारा वर्षं ओटीवर बसून ते नुसता पायरव ऐकायचे आणि विचारायचे, कोण आहे. मला तसलं काही झालेलं नाही. चष्म्याचा नंबर बदलला असेल, तो सगळ्यांचाच बदलतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

भाषण झालं. उत्तम झालं. कागद हातात होता, पण बघायची गरज पडली नाही, नूतनने इतक्या वेळा वाचून दाखवलं होतं की सगळं पाठ. वीरांची शपथ सांगितली, भाल्याचा रुमाल सांगितला, बसच्या सीटचं सांगितलं. टाळ्या पुष्कळ, जरा जास्तच. अनिता मॅडमनी भारीतलं पेन बक्षीस दिलं.

एक बारीक गोष्ट खटकली. खाली उतरलो तर नूतन पुढे आली. "कागद घेते साहेब." तिने तो माझ्या हातातून घेतला, आधी उलटा केला, मग घडी घातली. पहिल्या रांगेतले लोक खाली मान घालून बसले होते. कागद उलटा का केला असेल? मागे काही लिहिलं होतं का? तपासायला हवं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आता सहन होत नाही.

सकाळी टँकर मागे घ्यायचा होता. मी मागे उभा राहून हात दाखवत होतो, येऊ दे, येऊ दे. मागे मोकळं होतं. एकदम शिटी वाजली आणि या मुलीने धावत येऊन माझा दंड धरला, बाजूला ओढलं, टँकरच्या पत्र्यावर थापा मारल्या. टँकर थांबला. दहा माणसांसमोर. ड्रायव्हर उतरून आरडाओरडा करायला लागला तर त्याला म्हणाली, "माझी चूक झाली भाऊ, मी शिटी उशिरा दिली."

म्हणजे शिटी तिची, हुकूम तिचा आणि मोठेपणाही तिचाच. मी काय बुजगावणं?

रमीज संध्याकाळी म्हणाला, "काका, तिथं झाडूवाली बाय बसलेली. कचरा भरीत व्हती." मला तरी कोणी दिसलं नाही. रमीज तिच्याच बाजूचा, तो काय वेगळं सांगणार? पण त्याने उगाच सांगितलं असं तोंडावरून वाटत नव्हतं. म्हणजे आवाजावरून.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज शेरा लिहिला. बक्षिसाच्या पेनाने, जरा बऱ्या अक्षरात. 'वरिष्ठांच्या कामात ढवळाढवळ करते. आगाऊ आहे. सौजन्यामागील हेतू संशयास्पद. कायम करू नये.' पेन इतकं सुळसुळीत की कागदावर टेकल्यासारखं वाटेना. पाकीट बंद करून तिच्याच हाती अनिता मॅडमकडे पाठवलं. "आनखी काही नेयाचा हाय का साहेब?" म्हणून विचारत होती. नाही म्हटलं.

दुपारी भाकरी गोड लागली नाही.

१ डिसेंबर, सोमवार

सगळं नीट लिहितो.

चहाच्या वेळी नूतन पाकीट घेऊन आली. "साहेब, फॉर्म परत आलाय."

"का?"

"कोरा हाय."

मला वाटलं चेष्टा करतेय. मग तिने बक्षिसाचं पेन माझ्या हातात दिलं आणि माझं बोट त्याच्या टोकावर टेकवलं. नव्या रिफिलीच्या टोकाला मेणाचा थेंब असतो, शाई गळू नये म्हणून. तो तसाच होता. मी चार ओळी लिहिल्या, सही केली, आणि कागदावर काहीही उठलं नव्हतं. मी ते बघितलंही नव्हतं.

"मॅडमना काय सांगितलंस?"

"माझ्याकडनं चुकून दुसराच फॉर्म पाकिटात गेला, असा सांगितला. तुम्ही सांगा साहेब, मी लिवते. आजच देयाचा हाय."

खरं म्हणजे मी तिथेच थांबायला हवं होतं. पण तीस वर्षांचा संशय असा पटकन उतरत नाही. मनात म्हटलं, बघू आता, स्वतःच्या हाताने स्वतःबद्दल काय लिहिते. आणि शब्दन् शब्द सांगितला. ढवळाढवळ करते. आगाऊ. हेतू संशयास्पद. कायम करू नये. तिचं पेन कुठेही अडलं नाही. फक्त 'संशयास्पद' झाल्यावर तिने एकदा नाक ओढलं.

मग मी विचारलं, "त्या दिवशी टँकरच्या मागे कोण होतं?"

"कोन नाय साहेब."

मी आयुष्यभर खोटं ऐकत आलोय. माणूस खोटं बोलतो ते स्वतःला वाचवायला. ही पोरगी माझ्यासमोर बसून खोटं बोलली आणि वाचवत मला होती. झाडूवाली तिथे होतीच. बाईच्या आधी दारातून न जाणारा मी, त्या बाईच्या अंगावर टँकर घालत होतो, येऊ दे, येऊ दे म्हणत. मोठ्यांदा वाचलेले नंबर, जाड रेघा, पिवळा पट्टा, बसचं दार, काटे काढलेला बांगडा, उलटा कागद, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. मला लाज वाटली. इतकी लाज मला कधी वाटलेली नाही.

म्हटलं, "आणखी एक ओळ लिही." ठाण्यात लिहिलेला जबाब खोडायचा नसतो, चूक असली तर खाली दुरुस्ती लिहायची. मी तीच पद्धत धरली. "लिही. हा शेरा देणाऱ्याला सहा महिन्यांपासून नीट दिसत नाही. रक्षक नूतनने त्याला आणि इतरांना सांभाळलं आहे. वरचा शेरा रद्द समजावा."

पेन थांबलं.

"साहेब, ह्या मी नाय लिवनार. तुमची नोकरी जाईल."

"हुकूम आहे."

तिने कागद सरकवून घेतला. मग कागदावर पेनाची खरखर आली, संपली. तिने माझं बोट धरून सहीच्या जागेवर ठेवलं. मी खिशातल्या मार्करने सही केली. काय लिहिलंय ते मला कळायला मार्ग नव्हता. न वाचता सही करायची ही आयुष्यातली पहिली वेळ.

२ डिसेंबर, मंगळवार

अनिता मॅडमनी बोलावलं. "मोकल साहेब, एवढा कडक शेरा? मला मुलगी बरी वाटत होती. पण तुम्ही म्हणताय म्हणजे ती आजच हिशेब करून जाईल."

"खालची ओळ वाचा मॅडम."

"खाली काही नाही. 'कायम करू नये', आणि तुमची सही. मध्ये नुसते ओरखडे आहेत."

शेवटची ओळ तिने बक्षिसाच्या पेनाने लिहिली होती, मेण न काढता. हुकूमही मोडला नाही आणि मलाही वाचवलं. स्वतःच्या पोटावर पाय देऊन.

मी उठून उभा राहिलो. टाचा जुळवल्या, हात कपाळाशी नेला. पालखीपुढे जसा न्यायचो तसा. मॅडम गोंधळल्या असतील, मला दिसलं नाही. म्हटलं, "मॅडम, ते ओरखडे मी वाचून दाखवतो." आणि सगळं सांगितलं, झाडूवालीसकट. नूतन कायम झाली तर मी आजच टोपी खाली ठेवतो, असंही सांगितलं. सांगताना रडलो. लिहून ठेवतो, रडलो.

मॅडम म्हणाल्या, "हे तिने आम्हाला वेळीच सांगायला हवं होतं." बरोबर आहे. पण ते मी वेळीच सांगायला हवं होतं, तिने नव्हे, असं मी म्हणालो. त्यावर त्यांनी नवा फॉर्म काढला. या वेळी मी बोललो आणि त्यांनी लिहिला.

गेटवर आलो तर नूतन टँकरचा नंबर वाचत होती. तिला म्हटलं, "तू मला सांगितलं का नाहीस?"

"रंभाकाकींनी सांगितला व्हता, सोताहून कबूल करतील, वाट बघ. पन साहेब, त्या टँकरनंतर मला झोप नाय. आनखी आठ दिवस तुम्ही नसता बोललात तर मी सांगनारच व्हते."

ते ऐकून मला जास्त बरं वाटलं.

९ डिसेंबर, मंगळवार

नूतन कायम झाली, मी टोपी त्याच दिवशी खाली ठेवली. आज हिशेब घेऊन गेटचा निरोप घेतला. गेल्या शनिवारी रंभा पेणच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. उद्या सकाळी उजवा डोळा. डॉक्टर म्हणतात, बाबांचा जमाना गेला, आता सुई नाही आणि टाकाही नाही. मला भीती वाटतेय. रंभाला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मला पन." ही वही तिने कधीच वाचली होती, हेही आज कळलं.

संध्याकाळची बस. रात्री पेणला रंभाच्या बहिणीकडे मुक्काम, म्हणून आज गडबला उतरायचं नव्हतं, रंभाच तिथे चढणार होती. रमीजने दार पायाशी आणलं. दाराजवळच्या पहिल्या सीटवर नूतन होती. ती उठली.

"बसा साहेब."

"बाईची सीट आहे ती."

"माझी हाय ना? मंग कोनाला देयाची ते मी ठरवनार. भाल्याचा रुमाल हाय समजा."

मी बसलो. बस नागोठण्याकडे निघाली. बाहेर भात कापून झालेली शेतं असतील, वाल पेरलेले असतील, मला नुसता उजेड आणि सावली. नूतन माझ्याशेजारी दांडी धरून उभी राहिली आणि रस्त्यावरची एकेक पाटी वाचायला लागली, अख्खी बस बहिरी असल्यासारखी. पेण येईपर्यंत वाचत होती. मी तिला हळू बोल म्हटलं नाही.